दादांच्या फ्लेक्सवरचा गोल

कॉम्प्युटरवर मला तीनच गोष्टी काढता येतात: चौकोन, त्रिकोण आणि गोल. शिक्षकांच्या प्रशिक्षणात तेवढंच शिकवलं होतं. तेवढ्यावर पाटोद्याजवळच्या आमच्या शाळेत मी तज्ज्ञ समजला जातो. (प्रिंटर अडला की मलाच बोलावतात. मी तो बंद करून पुन्हा चालू करतो.)

माझे वडील, दादा, गेले त्याला वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला कीर्तन, जेवण आणि मांडवाच्या तोंडाशी फ्लेक्स हे ठरलेलंच. आमच्याकडे वाढदिवसाला फ्लेक्स लागतो आणि वर्षश्राद्धालाही, मजकूर तेवढा बदलतो. दादांचा धड असा एकच फोटो होता. तो माझ्या हातात देताना माय म्हणाली, "त्यांचं तोंड आता माझ्या डोळ्यापुढं नीट येईना गेलंय रे. फ्लेक्सवर हाय तसं यिऊ दे."

दुकानातलं कमळ आणि कबुतरांचं तयार डिझाइन दादांना नको, मी स्वतः काढणार, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं. चारी कोपऱ्यांत भगवे त्रिकोण, खाली नावाचा चौकोन आणि मधोमध गोलात दादा. गोलाने मात्र घाम काढला. शिफ्टचं बटण दाबून माऊस ओढला तर गोल होतो, बोट जरा सुटलं की अंडं! शाळा सुटल्यावर तीन दिवस मी अंडी घातली. चौथ्या दिवशी गोल जमला, तेव्हा मी तो मुख्याध्यापकांना बोलावून दाखवला.

फ्लेक्सवाल्या सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होतो.

"गुरुजी, तुमचा कागद चौरस हाय अन् फ्लेक्स बारा बाय सहा. दोन्ही बाजूला पांढरं राहायलंय. तसंच ठिवू का ताणू?"

पोरांनी वहीत कोरी जागा सोडली की मी वीस वर्षं ओरडत आलो आहे. "ताणा," मी म्हणालो, "कोरं काही ठेवू नका." एकदा येऊन बघून जा, असं ते दोनदा म्हणाले. मी सगळं मापात काढलंय, असं त्यांना जरा तोऱ्यातच ऐकवलं.

वर्षश्राद्धाच्या सकाळी फ्लेक्स चढला. माझा गोल आडवा झोपला होता. आत दादांना गाल फुटले होते आणि मिशा कानांपर्यंत गेल्या होत्या. काडीसारखे दादा साखर कारखान्याचे संचालक दिसत होते! कीर्तनकार महाराजांनी हात जोडले आणि हळूच मला विचारलं, हे वडिलांचे थोरले बंधू का?

फ्लेक्स काढायला धावलो तर तो तारेने बांधलेला. पक्कड शोधेपर्यंत माय बाहेर आली. मी फ्लेक्सपुढे हात पसरून उभा राहिलो, पण बारा फूट झाकतील एवढे हात कुणाला असतात? तिने मला बाजूला सारलं आणि वर बघत राहिली. मला रडू यायला लागलं. शिफ्टचं बटण, चौरस कागद, असलं काहीतरी मी पुटपुटत होतो.

"गप," माय म्हणाली. "जल्मभर ताटातली अर्धी भाकर तुला दिली त्यांनी. अंगाला कधी मास लागलंच न्हाई. आज पोटभर जेवल्यावानी दिसतेत."

तिने पदराने डोळे पुसले आणि मग माझ्याकडे पाहिलं. सगळ्या मांडवाने माझ्याकडे पाहिलं. दादांच्या वाट्याच्या त्या अर्ध्या भाकरी गेल्या कुठे, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. माझं तोंड कुणी न ताणताच तेवढं रुंद आहे!