ओला प्लग

पेट्रोलचा वास आला की पौषातली ती गारठलेली सकाळ आठवते. खडीच्या खाणीतल्या सुरुंगांनी काकूची विहीर आटली होती. त्याच्याच सुनावणीसाठी तिला रत्नागिरीला पोचवायचं होतं. एसटी गेलेली, आणि मोटारसायकल चालू होईना. चोक ओढून किका मारल्या, शेवटी प्लग काढला, तर तो पेट्रोलने भिजलेला. एवढ्यात खाणमालकाची जीप थांबली. "बसा वहिनी, मी पण तिथंच चाललोय." माझं डोकं तापलं. काकू शांतपणे म्हणाली, "बसते की. पण उतरल्यावर सुनावणीत विहिरीचं सगळं सांगणार हां." जीप तिला न घेताच गेली. मी प्लग पुसून पेटत्या काडीवर तापवला, परत बसवला, किक मारली, इंजिन धडधडलं. "चल, त्याच्या मागोमाग पोचू," काकू मागे बसत म्हणाली. त्यानंतर खाणीविरुद्ध मी कितीतरी पत्रकं लिहिली. पण खाणमालकाला तिने सुनावलं तितकं सरळ वाक्य मला अजून जमलेलं नाही.