कोळूची कुंडी

भोरच्या बाहेर, नदीकडं उतरणाऱ्या रस्त्याला एक सार्वजनिक वनस्पती उद्यान आहे. उद्यान म्हटल्यावर बाहेरचे लोक कारंजं आणि झोपाळे शोधतात. तसं इथं काही नाही. आपल्या डोंगरातली झाडं, वेली, कंद एका जागी लावून जपलेले आहेत आणि मधोमध एक लांबट काचघर आहे. त्याची निम्मी काच केव्हाच फुटून गेली. तिथं आता हिरवी जाळी आणि प्लास्टिकचा कागद आहे, तरी सगळे त्याला काचघरच म्हणतात. किकवीहून बांबू घेऊन येणारे एक आजोबा तर ‘काचंचा बंगला’ म्हणतात.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून तिथं जाते. वनस्पतीशास्त्र घेतलं होतं, हे एक कारण. दुसरं असं, की रविवारी वसतिगृहात करमायचं नाही. आमच्या घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच. वर्गात काही विचारलं तर उत्तर येत असूनही माझा हात वर जायचा नाही. कुंड्यांना पाणी घालताना मात्र कुणी काही विचारत नाही.

उद्यानात पगारावर एकटे माळीकाका. निवृत्त झालेले एक गुरुजी रोज येऊन येणाऱ्यांच्या नोंदवहीपाशी बसतात. ते इतिहास शिकवायचे. बाकी सगळं गावोगावच्या लोकांच्या जोरावर चालतं. चैत्रात रोपं वाटतात. श्रावणात रानभाज्यांचा दिवस असतो. दिवाळी झाली की बियाण्यांची अदलाबदल होते. आपल्याकडची मूठभर नाचणी द्यायची आणि दुसऱ्याकडचे मूठभर वाल घ्यायचे. माणसं त्या मुठीबरोबर इतक्या सूचना देतात, की बी घेणारा बिचारा दमून जातो.

पहिल्या वर्षीच्या श्रावणात मी आईला बोलावलं होतं. आमचं गाव हिर्डोशी, वरंधा घाटाच्या अंगाला. पावसाळ्यात डोंगरात काय उगवतं हे आईला जितकं ठाऊक आहे तितकं आमच्या पंचक्रोशीत फार कुणाला नसेल. सकाळच्या एसटीनं ती आली. फडक्यात बांधलेल्या जुड्या, डोक्यावर इरलं नाही पण माझ्यासाठी शिदोरी. तिला काचघरातलं टेबल दिलं. मी पाट्या लिहिल्या होत्या. नावं पुस्तकातून काढली होती. एक कुंडी तर मी स्वतः वसतिगृहामागच्या उतारावरून रोप आणून भरली होती आणि तिच्यावर ‘फोडशी’ अशी पाटी लावली होती.

पुण्याच्या एका बाईंनी आईच्या हातातली जुडी पाहून विचारलं, “हे काय आहे?”

आई म्हणाली, “कोळू हाय बाई. डाळ घालून करायचा. लई ग्वाड लागतो.”

बाईंच्या हातात मोबाईल होता, त्या सगळं टिपून घेत होत्या. दोन-तीन प्राध्यापकही उभे होते. मला काय झालं कोण जाणे. मी म्हणाले, “आई, कोळू नाही म्हणायचं. फोडशी म्हणतात त्याला. इथं लिहिलंय बघ.” आणि मी माझ्या कुंडीवरची पाटी दाखवली.

आईनं कुंडीकडं पाहिलं. थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाली, “बरं.”

त्यानंतर दिवसभर कुणीही काही विचारलं की ती एवढंच म्हणायची, “पोरीला इचारा, तिला ठावं.” रागानं नाही, अगदी साधेपणानं. पण तिनं पुन्हा एकाही भाजीचं नाव घेतलं नाही. कशी करायची तेही सांगितलं नाही. आणि मला ठावं होतं ते फक्त पाटीवरचं.

दुसऱ्या वर्षी मी फोन केला तर म्हणाली, “भात लावणी हाय.” गावात लावणी चालू होती हे खरं. पण आमच्या खाचरातली लावणी आधीच आटोपली होती, हे मला धाकट्या बहिणीकडून कळलं. मी पुन्हा फोन केला नाही.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. या मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यानं काचघराची जाळी उभी फाटली. एका बाजूचे बांबूही मोडले. श्रावणातला कार्यक्रम यंदा होईल असं वाटत नव्हतं. गुरुजींनी नोंदवहीतले पत्ते काढून लोकांना फोन लावायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी किकवीचे आजोबा टेम्पोभर बांबू घेऊन हजर. वेल्ह्याहून तिघं सुट्टी टाकून आले. बाजारपेठेतल्या शिंप्यानं तर शिलाई मशीनच हातगाडीवर घालून आणलं आणि काचघराच्या दारात बसून फाटलेली जाळी शिवली. सगळे जाळीची टोकं धरून उभे होतो. शिंपी म्हणाला, “एवढा मोठा परकर मी जन्मात शिवला न्हाई.”

माळीकाका म्हणाले, “नेसणारी बी तशीच हाय. नाडी विसरू नका.”

काचघर उभं राहिलं. त्या आनंदात मी गुरुजींना एक गोष्ट विचारली. दोन वर्षं मनात होती. मी म्हणाले, “गुरुजी, पाटीवर शास्त्रीय नाव वर लिहू आणि खालची जागा कोरी ठेवू या का? लोक येतील ते आपापल्या गावातलं नाव सांगतील. आपण ते खडूनं लिहायचं.”

गुरुजी म्हणाले, “अगं, एकेका झाडाला दहा नावं निघतील.”

“निघू देत.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी एवढं ठामपणे कधी बोलले नव्हते. माळीकाकांनी पत्र्याचे तुकडे कापले, त्यांना शाळेच्या फळ्याचा काळा रंग दिला. गुरुजींनी जिथं जिथं माणसं ओळखीची होती तिथं निरोप दिले.

हिर्डोशीला मात्र निरोप पाठवून चालणार नव्हतं. मी रविवारी गेले. आई खाचरात होती, शेजारच्या आत्याही होत्या, चिखलात वाकून रोपं लावत होत्या. मी सलवार वर खोचून उतरले आणि त्यांच्या ओळीत लागले.

आत्या म्हणाल्या, “आली का शिकलेली लेक. हळू, रोप उलटं लावशील.”

मी हसले आणि खाली बघूनच आईला म्हणाले, “यंदा ये ना श्रावणात.”

“काय करू येऊन? तुमच्याकडं सगळं लिव्हलेलं असतंय.”

“यंदा पाट्या कोऱ्या आहेत.”

“का गं? खडू संपला?”

आत्या खळखळून हसल्या. मला खरं तर म्हणायचं होतं की आई, त्या दिवशी माझं चुकलं. ते वाक्य मी एसटीत चार वेळा जुळवलं होतं. पण तोंडातून निघालं ते असं, “कोळूला सगळे काय काय म्हणतात ते विचारायचंय.”

आई पुढं सरकली. पाच-सहा रोपं लावून झाल्यावर म्हणाली, “बघू. पाऊस कसा हाय त्याच्यावर.” पावसाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी नऊच्या एसटीतून ती उतरली नाही. दहाची गाडी आलीच नाही. मी काचघरात खडूचा डबा घेऊन उभी होते आणि सारखी दाराकडं बघत होते. माणसं मात्र येत राहिली. वेल्ह्याच्या बचतगटाच्या बाया टेम्पोनं आल्या, जुड्यांच्या टोपल्या घेऊन. भारंगीपाशी नुसतीच भारंगी निघाली, वाद नाही. टाकळ्यालाही टाकळाच. मग सगळ्या माझ्या त्या कुंडीपाशी येऊन थांबल्या. शास्त्रीय नाव वर होतं, खाली जागा कोरी.

“फोडशी ना ही?” मी म्हणाले. “तुमच्याकडं काय म्हणतात?”

“फोडशी असंल तर आमी कुली म्हणतो,” वेल्ह्याच्या एका काकू म्हणाल्या.

किकवीचे आजोबा म्हणाले, “कुली म्हंजी स्टेशनावरचा. आमच्यात ह्याला गवत म्हणत्यात. बैलाला घालतो.”

“म्हणून तुमचा बैल तुमच्यापेक्षा गुटगुटीत हाय, आजोबा,” काकू म्हणाल्या.

“व्हय, आन् त्यो माझ्याशी भांडत बी न्हाई.”

काचघरात हशा उसळला. मी ‘कुली – वेल्हे’ लिहिलं. आजोबांच्या हट्टासाठी ‘गवत – किकवी’ पण लिहिलं. एवढ्यात दारात छत्र्या मिटल्याचा आवाज आला. दुधाच्या टेम्पोतून आई आली होती, आत्या आणि गावातल्या आणखी दोघी बरोबर. एसटी रद्द झाली म्हणून हिर्डोशीच्या फाट्यावर तास-दीड तास थांबल्या होत्या.

वेल्ह्याच्या काकूंनी लगेच धरलं. “या वैनी. तुमच्यात ह्याला काय म्हणत्यात सांगा. का घाटाकडं उगवतच न्हाई?”

आई माझ्याकडं बघायला लागली. तीच नजर. आता ती म्हणेल, पोरीला विचारा, असं मला वाटलं. काचघरात वीस-पंचवीस माणसं होती, कॉलेजचे प्राध्यापकही होते. मी म्हणाले, “आई, मला माहीत नाही. तू सांग. गेल्या वेळी मी तुला मधेच अडवलं, ते माझं चुकलं.”

कुणाला काही कळलं नाही. आईला कळलं. तिनं हातातलं फडकं आत्यांकडं दिलं आणि कुंडीपाशी आली. वाकून पाहिलं.

“कोळूला आमी कोळूच म्हणतो,” ती म्हणाली. मी लिहायला खडू टेकवला. “पन ह्यो कोळू न्हाई.”

खडू तिथंच थांबला.

“ह्याच्या पानाला चुण्या बघ. निऱ्या घातल्यावानी. कोळूची पात गुळगुळीत असती, बुडाशी पांढरी. आन् कोळूला पांढरं फूल वर देठावर येतं. ह्याचं बघ.” तिनं दोन्ही हातांनी पानं बाजूला केली. अगदी मातीला टेकून एक पिवळं, चांदणीसारखं फूल होतं. दोन वर्षं मी त्या कुंडीला पाणी घालत होते. पानं बाजूला करून खाली कधी पाहिलं नव्हतं. “ही काळी मुसळी हाय. औषधाची. हिची भाजी केली असती कुणी, तर दाताखाली दोरी चावल्यावानी झालं असतं. आन् वर तुझं नाव घेतलं असतं.”

गुरुजी उठून आले, चष्मा काढून फूल बघितलं, चष्मा लावून पुन्हा बघितलं. आमच्या बाईंनी, म्हणजे वनस्पतीशास्त्राच्या मॅडमनी, एक पान बोटांत धरलं आणि मान हलवली. आई बरोबर होती.

माझ्या मनात हळूहळू एक गोष्ट उतरली. मी आईच्या जवळ जाऊन विचारलं, “तुला पहिल्या वर्षीच कळलं होतं?”

“मग काय. समोर तर व्हती.”

“मग बोलली का नाहीस?”

ती पदराला हात पुसत हळूच म्हणाली, “एवढी मानसं व्हती. तुझे मास्तर व्हते. लोकांम्होरं लेकराला कशाला खाली बघायला लावायचं?”

मी दोन वर्षं समजत होते की ती माझ्यावर रुसली होती. थोडी रुसलीही असेल, तिनं नाही म्हटलं नाही. पण त्या दिवशी ती गप्प बसली होती ती माझी चूक झाकायला. मी तिला जे दिलं नव्हतं ते तिनं मला त्याच टेबलापाशी उभं राहून दिलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि नेमकं तेव्हाच आजोबा मोठ्यानं म्हणाले, “म्हंजी मी गवत म्हनलो ते बरोबर निघालं का न्हाई?”

मला रडता रडता हसू आलं. मग मी ते केलं जे वर्गात कधी जमलं नव्हतं. हात वर केला. म्हणाले, “ही कुंडी मी भरली होती. नाव चुकीचं लावलं होतं, तेही मीच. खरा कोळू आईच्या फडक्यात आहे, तिकडं चला.”

सगळे तिकडं वळले. आईनं एक जुडी सोडून पात हातात धरली आणि बोलायला लागली. कोवळी कशी ओळखायची, चिरताना बुडखा किती टाकायचा, मूगडाळ आधी भिजवायची की नाही. आत्या मधेच “लसूण सांग की, लसूण” म्हणत होत्या. एका मुलानं विचारलं, “मुळासकट उपटून आणता का?” तर आई म्हणाली, “उपाटलं तर फुडल्या साली काय खाशील? पात घ्यायची, गड्डा मातीत ठिवायचा.” वेल्ह्याच्या काकू तिचं म्हणणं खोडून काढायच्या प्रयत्नात होत्या, त्यांच्या मते डाळ घालणं म्हणजे भाजी बिघडवणं. दोघींचं शेवटपर्यंत जमलं नाही. तरी दोघींनी एकमेकींच्या जुड्या बदलून घेतल्या.

मी नवी पाटी घेतली. ‘कोळू – हिर्डोशी. कुली – वेल्हे.’ आईला अक्षरं लावून लावून वाचता येतात. तिनं पाटी वाचली आणि विचारलं, “पुस्तकातलं नाव कुठाय?”

“नको ते.”

“लिव्ह की. ते काय खोटं हाय? कुनाच्या तरी गावात तसं म्हणतच असतील.”

मी खाली ‘फोडशी’ लिहिलं. गाव कोणतं लिहायचं ते माहीत नव्हतं, म्हणून पुढं जागा सोडली.

खडू परत डब्यात टाकते न टाकते तोच आई म्हणाली, “आता फुडल्या कुंड्या दाव.” आणि ती निघालीच, हात मागं बांधून, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी. मागं आत्या, त्यांच्या मागं वेल्ह्याच्या बाया, मग मॅडम वही घेऊन, आणि मी पाट्यांचा ओला फडका घेऊन. ती प्रत्येक कुंडीपाशी थांबून पानं बाजूला करून खाली बघत होती. त्या दुपारी आणखी दोन कुंड्या चुकीच्या निघाल्या. एक माझी होती आणि एक गुरुजींची. गुरुजी म्हणाले, “माझी जरा हळू आवाजात सांगा, बाई.”

आईनं ती मोठ्यानं सांगितली.