दोन लेकींत साडेचार महिने

व्हिसाचं काम करणाऱ्या वकिलांच्या परिषदेला मी गेले होते, असं सांगितलं की सेनगावच्या बाया अजून हसतात. हसू द्या. गेले होते हे खरंय.

झालं असं, धाकटी लेक नर्स, परदेशात नोकरीला. तिचं पहिलंच बाळंतपण, अन् जवळ मायेचं कोणी न्हाई. मी जायचं म्हणून अर्ज केला, त्यात दोघी लेकींच्या जन्मतारखा लिहिल्या, तर तो अर्ज माघारी आला. काहून, तर थोरलीची जन्मतारीख एक जून आणि धाकटीची त्याच सालातली पंधरा ऑक्टोबर. एका बाईला साडेचार महिन्यांत दोन लेकरं कशी झाली? यातली एक तुमची नसणार, असा त्यांचा संशय.

आता काय सांगावं! दोघींत पावणेदोन वर्षांचं अंतर. पण एकमेकीला सोबत होईल म्हणून मी दोघींना एकाच दिवशी शाळेत नेलं. तेव्हा डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की लेकरू शाळेजोगं झालं. थोरलीनं धरला. गुरुजींनी एक जून मांडली. धाकटीची बोटं काही पोचेनात, तर मीच मागून तिचं कोपर हळूच ढकललं. "दोघींची एकच तारीख लिहिली तर जुळ्या वाटतील," म्हणत गुरुजींनी तिला पंधरा ऑक्टोबर देऊन टाकली.

थोरली पुण्यात वकील. ती मला हैदराबादच्या परिषदेला घेऊन गेली. "माय, तिथं जाणकार वकील येतात, शेवटी प्रश्न विचारू देतात. तू फक्त बसून राह्य."

सगळी भाषणं इंग्रजीत. मी चहाची वाट बघत बसले. शेवटी थोरलीनं आमचा प्रश्न मांडला, तशा मंचावरच्या वकीलबाई म्हणाल्या, "मां को बच्चों की तारीख नहीं मालूम?"

मग मी कशाची बसून राहते! उठले अन् आमच्या हिंगोलीच्या हिंदीत म्हटलं, "तारीख नहीं मालूम, मॅडम, मौसम मालूम है. बडी हुई तब तुरी कट रही थी. छोटी पोळे को हुई. बीच में एक पोळा पूरा गया." कानाचंही करून दाखवलं. बघते तर कोटवाले वकीलसुद्धा डोक्यावरून हात नेऊन आपापला कान चाचपून राहिलेले!

बाई हसल्या, पण सल्ला नेमका दिला. लपवू नका, घडलं तसं लिहा, गुरुजींचं आणि सुईणीचं शपथपत्र जोडा.

सुईण गावातच होती. गुरुजी पुसेगावला राहायचे, तिथं मी गेले.

"जयभीम गुरुजी. तुमच्या तारखेनं लई तकलीफ दिली बघा."

"माझ्या? अन् कोपर कोणी ढकललं होतं?"

"तुमी पाहिलं होतं?"

"पाहिलं की. पोरगी शिकायला येऊन राहिली तर शिकू द्यावी म्हटलं." अन् चष्मा पुसून त्यांनी बराबर सही केली.

व्हिसा आला तेव्हा लेकीला नववा लागला होता. मी पोचले अन् चौथ्या दिवशी नात झाली. दवाखान्यातली गोरी बाई तिला अंघोळ घालायला निघाली, तेव्हा मी लेकीला म्हटलं, "सांग तिला, आज तू घाल. घरी गेल्यावर माझी पाळी."