आर्डिसबाईंची घंटा

बदकांवर बंदूक कधी रोखायची आणि कधी खाली ठेवायची, याच्या वेळा आमचं राज्य दर हंगामाला पुस्तिकेत छापतं. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्त, अगदी मिनिटांसकट. पण ते आकडे पूर्वेकडच्या शहरवाल्यांचे. आम्ही विस्कॉन्सिनच्या पार पश्चिमेला, म्हणून आम्ही त्यात बारा मिनिटं मिळवायची. गावातल्या निम्म्या लोकांना ही बेरीज आजतागायत जमलेली नाही, आणि त्यांना गणित शिकवलं आर्डिस थॉर्सनबाईंनी. मीही त्यांचाच विद्यार्थी.

बाईंचं घर दलदलीच्या काठाला. सव्वीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी रोली निबूरनं वेळ संपल्यावर बार काढला. शेजारच्या होडीतल्यानं हरकत घेतली, दोघांची घड्याळं जुळेनात, आणि प्रकरण हातघाईवर आलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी बंद पडलेल्या शाळेची घंटा आणून आपल्या ओसरीवर टांगली. तेव्हापासून हंगामाच्या रोजच्या संध्याकाळी नेमक्या मिनिटाला घंटा होते आणि सगळे बंदुकांतली काडतुसं काढतात. सरकारचा याच्याशी काहीएक संबंध नाही.

यात बाईंची स्वतःची शिकार मात्र सुटली. सकाळी गाईंच्या धारा, संध्याकाळी घंटा. यंदा गाई विकल्या, मोतीबिंदू काढून झाला, आणि एकाहत्तराव्या वर्षी बाईंनी वडलांची बंदूक बाहेर काढली. हिरव्या डोक्याचा एक नर मारायचा, एवढंच मनात होतं. महिनाभर रोज पहाटे गेल्या आणि हात हलवत परत आल्या. शेवटी उरली हंगामाची शेवटची संध्याकाळ. वारं चांगलं होतं. घंटेचं काम त्यांनी नवऱ्यावर, डेल्मरवर सोपवलं.

"वेळ लिहून देऊ का?" बाईंनी विचारलं.

"मी काय तिसरीत आहे?" डेल्मर म्हणाला. "पुस्तिका आहे ना माझ्याकडे."

बाई माझ्या होडीत बसल्या. पाणकणसांच्या आडोशाला आम्ही खोटी बदकं पाण्यावर सोडली आणि थर्मासातली कॉफी पीत बसलो. बराच वेळ आभाळ नुसतंच कोरं. मग उत्तरेकडून तीसेक बदकांचा थवा आला, एक घिरटी घालून पंख ताणून थेट आमच्याकडे उतरू लागला. पुढचा नर चांगला जाडजूड होता. बाईंनी बंदूक खांद्याला लावली.

आणि घंटा वाजली.

मी घड्याळ बघितलं. चार वाजून चौदा मिनिटं. डेल्मर बारा मिळवायला विसरला होता.

"बाई, मारा," मी कुजबुजलो. "अजून बारा मिनिटं आहेत आपली. कायद्यानं आहेत."

"माहीत आहे मला." त्यांनी बंदूक खाली घेतली, उघडली आणि काडतुसं काढून खिशात टाकली. "घंटा झाली, कर्टिस. आज मी माझं घड्याळ बघितलं, तर उद्या प्रत्येक जण आपापलं बघेल."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. डेल्मरचा आला, बाईंचाही आला. बदकं आमच्या खोट्या बदकांत धपाधप उतरली आणि आपल्याच घरी आल्यासारखी कलकलाट करू लागली. आता बाकीच्या होड्यांतून बार निघतील म्हणून मी कान टवकारले. चौदा होड्या होत्या त्या संध्याकाळी. एकही बार निघाला नाही. बंदुका उघडल्याचा खटखट आवाज मात्र पाण्यावरून येत राहिला.

बाई ऐकत होत्या. "मी ओसरीवरून नुसती वाजवायची," त्या म्हणाल्या. "हे इथं कसं ऐकू येतं, ते मला ठाऊकच नव्हतं." त्यांचे डोळे भरून आले आणि त्या हसायलाही लागल्या.

काठावर रोली निबूर होडी ओढत होता.

"काय रे, घड्याळ बंद पडलं तुझं?" बाईंनी विचारलं.

"चालू आहे की." रोली मान खाली घालून दोर गुंडाळत राहिला. "पण बाई, घंटा झाली ना."

इतक्यात डेल्मर पायऱ्या उतरून धापा टाकत आला. "चार चौदा," तो ऐटीत म्हणाला. "एक सेकंद इकडचा तिकडे नाही. वेळेवर झाली ना?"

तिसरीच्या वर्गात पाव गुणाची चूकसुद्धा न सोडलेल्या बाई नवऱ्याकडे बघत होत्या.

"अगदी वेळेवर," बाई म्हणाल्या.

"अगदी," रोली म्हणाला.

"मग बदक कुठाय?" डेल्मरनं विचारलं.

"पाण्यात आहेत. तीस," बाई म्हणाल्या.

"वाटलंच मला," डेल्मर म्हणाला. "कोंबडी ओव्हनमध्ये टाकूनच आलोय."

मग आम्ही सगळेच बाईंच्या मागून घराकडे निघालो, बूट झाडत.