जुबेदाभाभींची मोटार आणि टेलरचं अस्तर

हसनाबादच्या बाहेर, तलावाच्या काठाला जुबेदाभाभींचं घर आहे. खाली तलावात पाणी, वर गच्चीवर टाकी, आणि मधे एक मोटार. या तिघांचं आपसात जमवून देण्याचं काम भाभींकडं. त्यांचे मालक गयासोद्दीनभाई टेलर आहेत. सुईत दोरा ते न बघता ओवतात, पण मोटारीचं बटण दाबताना डोळे मिटून घेतात.

घरात सगळे उर्दू बोलतात. मोटारीशी मात्र भाभी मराठीतच बोलतात. "दुकानातून आल्ती तव्हापासून ती मराठीच ऐकून राह्यली. आता या वयात तिला कशाला तरास?"

उन्हाळ्यात तलाव मागं सरकतो, तसा भाभी पाइप पुढं सरकवतात. पाण्यातल्या टोकाला फुटवॉल, म्हणजे पाणी वर घेणारी आणि परत न सोडणारी झडप. तिच्यावर शेवाळ अडवायला भाभींची एखादी विरलेली ओढणी सुतळीनं बांधलेली असते. भाभींची ओढणी आधी डोक्यावर, मग स्वयंपाकघरात आणि शेवटी तलावात जाते.

त्या दिवशी त्यांच्या लेकीला, अफ्रीनला बघायला शहागडचे पाहुणे यायचे होते. चुलीवर देग चढायची होती, टाकी कोरडी ठाक होती आणि दुपारी लाईट जाणार हे नक्की होतं. भाभींनी बटण दाबलं. मोटार फिरली, पाणी काही आलं नाही.

शेजारचा राधेश्याम कुंपणावरूनच म्हणाला, "भाभी, कॉइल जळाली. भोकरदनला न्या. दोन-चार दिवसांत नवी तार भरून मिळंल."

"मंग पाहुण्यांना तवर काय, तलावावर न्हेऊन पाजू?"

भाभींनी मोटार बंद केली, तिचं बूच काढलं आणि तांब्यानं काठोकाठ पाणी ओतलं. जरा थांबल्या. पाणी होतं तिथंच राहिलं.

"झडप बराबर हाय. पाइप कुठं फुटला न्हाई. मोटार बी फिरून राह्यली. मंग पाणी यायची वाटच कुणीतरी बंद केली."

या 'कुणीतरी'वर गयासोद्दीनभाई गळ्यातली टेप चाचपू लागले.

भाभी चिखलात उतरल्या आणि त्यांनी पाइपाचं टोक ओढून काढलं. ओढणी गायब! तिच्या जागी राखाडी सूटिंगचा झकास गलेफ. दुहेरी शिलाई, गळ्याला इलॅस्टिक, आतून अस्तर.

"ये क्या है जी?"

"मेहमान तालाब देखने गये तो? फटी ओढनी अच्छी नहीं दिखती. नाप लेके सिया मैं."

"और अस्तर?"

"सूटिंग को बिना अस्तर के कैसा देना?"

राधेश्यामला राहवलं नाही. "भाई, खिसा न्हाई ठेवला?"

"जागाच नव्हती," भाई अगदी मनापासून म्हणाले.

भाभींना चिडायला वेळ नव्हता. त्यांनी नुसतं घराकडं बोट दाखवलं. भाई पळत गेले, जुनी ओढणी घेऊन आले आणि गाठही त्यांनीच मारली. ती मात्र टेलरची, सुटण्यातली नव्हे. पाइप पुन्हा पाण्यात गेला, मोटारीच्या पोटात पुन्हा तांब्या तांब्या पाणी पडलं. भाभींनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"चल माय, लेकीचं काम हाय. जल्दी."

मोटार खाकरली, घुरघुरली, आणि गच्चीवर टाकीत धो-धो पाणी कोसळू लागलं. टाकी भरून वाहिली आणि मग लाईट गेली. भाभी म्हणाल्या, "आता जाऊ दे."

पाहुणे पोटभर जेवले. हात धुवायला बाहेर आलेल्या मुलाच्या वडलांना मोटारीजवळ खिळ्याला टांगलेली राखाडी पिशवी दिसली. आत भाभींचे मोटार खोलायचे पाने होते.

"वा! किसने सी?"

"हमारे घर के टेलर ने," भाभी म्हणाल्या. "बहोत मजबूत है. पानी अंदर जाता नहीं. आजमा के देखा हमने."

भाई पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभे राहिले.

आठवड्यात शहागडहून होकार आला. सोबत निरोप होता, नवरदेवाची शेरवानी गयासोद्दीनभाईंनीच शिवावी. भाई टेप घेऊन माप घ्यायला निघाले, तेव्हा भाभी दारापर्यंत आल्या.

"सुनो जी. इसको लगाओ अस्तर."