डोळे बांधून निवडलेलं धनुष्य

काटेबाई दुकानात शिरल्या की दुकानदार आधी स्वतःच्या तराजूकडे बघायचा आणि मग त्यांच्याकडे. वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या त्या. पिशवीत पितळी वजनं, हातात लटकवायचा स्प्रिंगचा काटा, आणि चेहऱ्यावर असा भाव की तुमचा किलो हा किलोच आहे हे तुम्ही दाखवून देईपर्यंत तो किलो नाही. त्यांचं खरं नाव खात्याच्या पगारपत्रकात असेल तेवढंच. बाजारात त्या काटेबाई, आणि सासूबाई रागावल्या की घरातसुद्धा काटेबाईच.

बाईंना एक खोड होती. एखादी गोष्ट अशी का, हे कळल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. कुकरची शिट्टी उशिरा का झाली, शेजारचं कुत्रं फक्त पोस्टमनवरच का भुंकतं, सगळ्यात नाक खुपसायचं. नवऱ्याचं कुलपांचं आणि तोलून द्यायच्या खिळ्यांचं छोटंसं दुकान होतं. लोक त्यांना कुलपवाले म्हणायचे. "हिला एकदा दार उघडं दिसलं की आतलं कपाटही बघायचं असतं," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि त्यात तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त असायचं.

या बाईंचा धनुर्विद्येचा नादही असाच चौकशीतून लागलेला. कार्यालयाच्या मागच्या मैदानावर कुणी बाण मारत होतं, या बघायला गेल्या, आणि मग गेल्या त्या गेल्याच. त्यांचं ते कंपाउंड धनुष्य म्हणजे एक यंत्रच होतं. दोन्ही टोकांना चाकं, नेम धरायला भिंग, दोरीत डोकवायला बारीकसं भोक, बाण सोडायला बोटाखाली बंदुकीसारखा घोडा. सुरुवातीला पन्नास पौंडांची ओढ, आणि एका जागी आलं की चाकं फिरून बराचसा भार स्वतःकडे घेत. मग कितीही वेळ नेम धरा. बाईंनी पुष्कळ पदकं आणली. ती सासूबाईंनी शोकेसमध्ये कपबशांच्या मागे लावून ठेवली, पाहुण्यांना दिसतील पण विचारल्याशिवाय कळणार नाहीत अशी.

मग एका सकाळी सरावात उजव्या खांद्यात काहीतरी टरकन फाटलं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी शिवून दिलं आणि सरळच सांगितलं, की हे पुन्हा फाटलं तर शिवायला तिथे धड काही उरलेलं नसेल. वर्षभर बाईंची कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर रवानगी झाली. बाजार नाही, तराजू नाही, दुकानदारांच्या थापा नाहीत. बाई अक्षरशः सुकल्या. घरी तर त्याहून वाईट. कुलपवाले त्यांना पाण्याचा तांब्याही उचलू देईनात. बाईंनी कशाला हात लावला की हे शेजारी येऊन उभे. सकाळी दुकान उघडायच्या आधी बायकोची वेणी घालायला शिकले बिचारे, आणि ती वेणी एका बाजूला इतकी कलायची की कार्यालयात सगळे मान वाकडी करून बघायचे. बाई कधी बोलल्या नाहीत. ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर या माणसाचं तोंड कसं झालं होतं, ते त्यांना नर्सनं सांगितलं होतं.

खांदा सुधारला. वजनांची पिशवी पुन्हा पाठीवर आली. आणि एक दिवस तपासणीला गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "साधं लाकडी धनुष्य, हलकं, चालेल. पण जपून हं."

झालं. बाईंच्या डोक्यात तोच किडा वळवळायला लागला, जो वर्षभर आवक-जावकच्या टेबलावर त्यांनी पाळला होता. त्या पदकांमधली माझी किती आणि चाकांची किती? भिंग नाही, घोडा नाही, चाकं नाहीत. नुसतं लाकूड, दोरी आणि मी. मग बाण कुठे जाईल?

"कुठे जाईल म्हणजे?" कुलपवाले म्हणाले. "गेला कुठेतरी. आपल्याला काय करायचंय?"

"मला बघायचंय हो."

"आणि खांदा?"

"खांद्याचं मी बघते."

ठरलेल्या दिवशी कुलपवाले दुकानाला कुलूप घालून बरोबर निघाले. नको म्हणायची सोयच ठेवली नाही.

मैदानाच्या कडेला पत्र्याचं कोठार होतं. तिथे बाण, लक्ष्यांचे कागद, गवताचे भारे आणि उधार द्यायची धनुष्यं. ते सांभाळणारे काका बाईंच्या जुन्या ओळखीचे. बाईंनी आत पाय ठेवतानाच जाहीर केलं, "काका, पस्तिसाच्या खालचं मला दाखवूसुद्धा नका. मी पन्नास ओढायचे."

काकांनी मान डोलावली आणि होती ती चार लाकडी धनुष्यं दोऱ्या चढवून टेबलावर मांडली. चोवीस, अठ्ठावीस, बत्तीस, छत्तीस. चारी एकाच घडणीची, फक्त खालच्या पात्यावर आकडा निराळा. "निवडा निवांत," म्हणाले, आणि गवताचे भारे बघायला मैदानावर निघून गेले.

आता बाई स्वतःला ओळखून होत्या, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. छत्तीसचा आकडा दिसला की आपला हात तिकडेच जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. दुकानदारसुद्धा आकडा आधी बघतो आणि मग तसा चेहरा करून पोतं उचलतो, हे त्यांनी किती वेळा पाहिलेलं. म्हणून त्यांनी युक्ती काढली. पिशवीतून मोठा रुमाल काढला आणि स्वतःचे डोळे बांधून घेतले.

"तुम्ही एकेक माझ्या हातात द्या. कुठलं ते सांगू नका. मी ओढून धरते, तुम्ही मला काहीतरी विचारा, मी उत्तर देते. बोलताना दम अडकला तर ते धनुष्य माझ्यासाठी भारी. खांद्याचा व्यायाम शिकवणारीनं सांगितलंय."

"काय विचारू?"

"काहीही. घरचंच विचारा."

पहिलं धनुष्य हातात आलं. बाईंनी दोरी ओढली, आणि त्यांना गंमतच वाटली. चाकाचं धनुष्य एका जागी येऊन थांबतं, बस इथपर्यंत म्हणतं. हे थांबतच नव्हतं. जेवढं ओढावं तेवढं जड होत होतं. कुठे थांबायचं ते आपणच ठरवायचं. हनुवटीपाशी त्यांनी हात टेकवला.

"आईंच्या गोळ्या कुठे ठेवल्यास?"

"वरच्या खणात, चष्म्याच्या डबीमागे, आणि तुम्ही काल शोधल्या नाहीत, नुसतं ओरडलात."

एका दमात. मग दोरी हळूहळू परत आणली, कारण बाण नसताना दोरी सोडायची नसते, लाकूड तडकतं. पुन्हा ओढलं, पुन्हा धरलं, पुन्हा परत आणलं. असं बराच वेळ. "हे अगदीच पोरांचं दिसतंय," बाई म्हणाल्या. "चोवीस असणार. पुढचं द्या."

कुलपवाल्यांची पावलं टेबलाकडे गेली, लाकडावर लाकूड ठेवल्याचा आवाज झाला, पावलं परत आली.

"हं, हे बरं आहे," दुसरं ओढताना बाई म्हणाल्या. "हे तीसच्या आसपास."

"शटर अडकलं होतं तेव्हा कुठलं तेल घातलं होतं आपण?"

"शिवणयंत्राचं. तुम्हाला… सांगत होते ना… खोबरेल घालू नका."

उत्तर आलं, पण दोन ठिकाणी थांबून आलं. बाईंना ते जाणवलं आणि त्या खूशही झाल्या. आता खरी मजा येतेय, असं म्हणाल्या. पुन्हा बऱ्याच वेळा ओढून झालं. कपाळावर घाम आला तो रुमालानंच टिपला गेला.

पुन्हा पावलं, पुन्हा लाकडाचा आवाज. तिसरं हातात आलं आणि हनुवटीपर्यंत नेतानाच बाईंची कोपरं थरथरली.

"माझ्या दुकानात पहिल्यांदा आलीस तेव्हा काय म्हणाली होतीस?"

"तुमचा… काटा…"

पुढचा शब्द फुटेना. दोरी कशीबशी परत आणून बाईंनी धनुष्य पायाला टेकवलं.

"खोटा आहे," कुलपवाल्यांनी वाक्य पुरं केलं. त्यांचा आवाज जरा विचित्र आला.

"हे छत्तीस," बाई धापा टाकत म्हणाल्या. "पैजेवर सांगते. हे नको. मला मधलं हवं. पण आता काट्यावर बघून घेऊ." आणि रुमाल सोडून त्यांनी पिशवीतून स्प्रिंगचा काटा काढला. सवयच ती. काट्याशिवाय त्यांचं समाधान कधी झालंय का? दोरीला आकडी अडकवून हनुवटीइतकी ओढली आणि काटा बघितला. किलोचं पौंडांत तोंडी केलं. चोवीस.

बाईंनी काटा उलटसुलट करून पाहिला. झटकला. पुन्हा ओढलं. चोवीस.

"हे पहिलं आहे. तुम्ही मला पहिलं परत दिलंत. दुसरं द्या."

कुलपवाले हलले नाहीत. टेबलावर तीन धनुष्यं होती, काकांनी मांडली होती तशीच, तिन्ही ओळीत.

"दुसरं…" ते म्हणाले. "दुसरं हेच."

"आणि तिसरं?"

"तेही हेच."

बाईंचा पारा जो चढला तो विचारू नका. "मी कुठल्या खात्यात नोकरी करते माहितीये ना तुम्हाला? माझ्याशी, वजनात? अहो, दुसरा कुणी असता तर पंचनामा केला असता मी त्याचा. लहान पोर समजलात मला?"

"नाही गं."

"मग काय?"

कुलपवाले हातातल्या हातात किल्ल्यांचा जुडगा फिरवत होते. "मी देणारच होतो दुसरं. उचलायला गेलो. पण तू पहिलं ओढलंस तेव्हा तुझा खांदा मागून दिसत होता मला. वर उडत होता जरा जरा. तुला कळत नव्हतं. माझा हातच गेला नाही त्या अठ्ठावीसवर. म्हटलं, हेच आपटून पुन्हा देतो. तू म्हणालीस, हे तीस आहे. तेव्हा मात्र मी घाबरलो."

"का?"

"तुझा अंदाज कधी चुकत नाही म्हणून."

बाईंचा राग होता तिथेच राहिला, पण त्याच्या शेजारी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. त्या गवताच्या भाऱ्यावर टेकल्या. तेच धनुष्य. तीच दोरी. पहिल्यांदा पोरांचं, दुसऱ्यांदा तीस, तिसऱ्यांदा छत्तीस. काटा तर चोवीसच दाखवतोय. म्हणजे काटा बरोबर होता आणि चुकत होत्या त्या. पण का?

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. नवऱ्याला थांबा, की स्वतःला, ते काही कळलं नाही.

पन्नास ओढायचे मी. बरोबर. पण चाकं फिरली की हातात उरायचे किती? दहा-बारा. एवढी वर्षं माझ्या बोटांनी नेम धरताना दहा-बारा पौंडच सांभाळलेत, आणि पन्नासचा मिरवलाय नुसता आकडा. हे चोवीस म्हणजे पुरते चोवीस. सगळेच्या सगळे. नेम धरा, बोला, थांबा, एक पौंडही कुणी काढून घेत नाही. आणि हात थकला की प्रत्येक वेळी ते वाढत जातात. पोरांचं कसलं, आजवर मी धरलं त्याच्या हे दुप्पट आहे.

मग पुढचा विचार आला. या माणसानं प्रामाणिकपणे माझं ऐकलं असतं, तर तिसऱ्या खेपेला माझ्या हातात बत्तीस असतं. ज्या हाताला चोवीस पेलेना, त्या हातात. आणि मी ते ओढलं असतं. मी नक्की ओढलं असतं, डोळे बांधून, हट्टानं, बोलता येत नसतानासुद्धा.

त्यांनी डाव्या हातानं उजवा खांदा दाबून पाहिला. होता जागेवर.

"तिसरं खरंच बत्तीस असतं ना…" त्या म्हणाल्या, आणि पुढे बोलवेना. या वेळी हातात धनुष्य नव्हतं.

"जाऊ दे," कुलपवाले म्हणाले.

"जाऊ दे काय? तुमच्या लबाडीनं वाचले मी. आणि तुम्ही वर्षभर इतके भ्यालेले आहात, हे मला आज कळतंय. मला वाटायचं, तुम्हाला काळजी करायची हौसच आहे." बाईंचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. "सांगायचं नाही का?"

"तू म्हणालीस, खांद्याचं मी बघते."

काका परत आले तेव्हा बाई उठल्या. "काका, चोवीस नेते मी."

"चोवीस?" काकांनी चष्म्यावरून बघितलं. "आणि पस्तिसाचं काय झालं?"

"पस्तिसाचं चुकलं माझं."

हात निवल्यावर त्या मैदानाच्या टोकाला, अगदी जवळच्या रेषेवर उभ्या राहिल्या. नेम धरायला काहीच नव्हतं, नुसतं बाणाचं टोक आणि पलीकडचा पिवळा गोल. ओढलं, धरलं, सोडलं. बाण लक्ष्याच्या डावीकडून निघून गेला आणि गवतात बसला.

"अय्या," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर निराशेचा लवलेश नव्हता. उलट कुकर उघडताना असायचा तो चेहरा. "डावीकडे का गेला बरं?" मनगट वळलं होतं? दोरी गालाला लागली? बोटं एकदम सुटली नाहीत? पुन्हा हळूहळू ओढून त्या स्वतःच्या कोपराकडे बघायला लागल्या, आणि ओढलेली दोरी धरूनच मोठ्यानं कारणं मोजायला लागल्या, एकामागून एक, कुठेही न अडखळता.

कुलपवाले मागे उभे राहून ऐकत होते. खांदा बघत होते. तो जागचा हलत नव्हता.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "मी बाहेर चहा पिऊन येतो."

बाईंनी मान वळवली. "या. सावकाश या."

ते गेले. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. वर्षभरात पहिल्यांदाच बाईंच्या हातात काहीतरी जड होतं आणि शेजारी कुणी उभं नव्हतं. बाईंनी दुसरा बाण दोरीला लावला.