न फेडायची सावड

रोपं लावायला आली आणि नेमकी तेव्हाच मी बांधावरून घसरून उजवा हात मोडून घेतला. शहापूरच्या डॉक्टरांनी कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर घातलं आणि म्हणाले, यंदाची लावणी विसरा. मला त्यांचा असा राग आला, जणू हात त्यांनीच मोडला होता. खर्डीच्या पुढे आमचं गाव. नवरा प्रभूकडे गेला, लेक सासरी नांदते, घरात मी एकटी. खाचरं दोनच, पण माझा वर्षाचा भात त्यांतूनच येतो. रोप वेळेत लावलं नाही तर जून होतं, मग त्याला फुटवे धरत नाहीत. रोज सकाळी मी ती हिरवीगार रोपं बघायचे आणि म्हणायचे, "देवा, हीच वेळ सापडली का रे तुला?"

आमचा चौघींचा गट आहे. दर गुरुवारी दुपारी राहेलवहिनींच्या ओटीवर बसतो. वचन वाचतो, मग जिला जे सलत असेल ते ती बोलते आणि बाकीच्या तिच्यासाठी प्रार्थना करतात. कुणाचं चुकलं तर तोंडावर सांगतात, गावभर नाही. पाळकसाहेब क्वचित येतात, एरवी आम्हीच एकमेकींना सांभाळतो. प्लास्टर घालून गेले त्या गुरुवारी वहिनी म्हणाल्या, "आमी तिघी येतो तुझ्या खाचरात. तू काय बी करू नको."

मी फाडकन म्हटलं, "नको."

आमच्याकडे लावणी सावडीने चालते. आज तुम्ही माझ्या शेतात वाकलात, तर उद्या मी तुमच्या शेतात वाकणार. माझ्यावर कधी कुणाची सावड चढून राहिली नाही, याचा मला केवढा तोरा! "या हातानं मी फेडू कशी? तुमच्या बांधावर बसून गाणी म्हणू?" मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "अगो, पण फेडायचं बोललं कोण?" "मी बोलते ना!" असं म्हणून मी उठले, चपला घातल्या आणि तरातरा घरी आले. पुढच्या गुरुवारी गेलेच नाही.

ते दिवस फार वाईट गेले. डाव्या हाताने रोपं उपटून पाहिली, तर मुळंच तुटून हातात यायची. प्रार्थनेला बसले तरी माझा देवाशी सौदाच चालायचा: हात बरा कर, मग उपास करीन, सगळ्या उपासनांना पहिल्या रांगेत बसेन. वर काही ऐकू गेलं असं वाटेना. मला वाटायचं, देवानेही माझा हिशेब बंद केला. शेवटी एका संध्याकाळी रोपांचे शेंडे पिवळे दिसले आणि मी मटकन खाली बसले. म्हटलं, "प्रभू, माझ्याकडे आता तुला द्यायला काहीच नाही. तुला हवं ते कर." त्यात श्रद्धा किती आणि वैताग किती, ते त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेताकडून बायकांचे आवाज आले. धावत गेले, तर खाचरात पाच-सहा अनोळखी बायका! एक म्हातारी भराभर रोपं उपटून जुड्या बांधत होती. मी ओरडले, "कोण गो तुमी? चुकीच्या शेतात उतरलात!"

म्हातारीने मान वर केली. "हात मोडलेली बाई तूच ना?"

"हो."

"मंग शेत बरोबर हाय."

त्या मुरबाडकडच्या गटातल्या होत्या. वाट दाखवायला आलेल्या राहेलवहिनी बांधावर चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. "मी फोनवर फक्त प्रार्थना करा बोललेले," त्या म्हणाल्या. "यांची लावणी उरकली, तर टेम्पो करून आल्या. मला तरी काय ठावं?" मी तोंड उघडणार, तोच म्हणाल्या, "तू आमाला नको बोललीस. यांना कुठं नको बोललीस?" अशी हसले मी, आणि हसता हसताच रडू फुटलं. मग आमच्या गटातल्या बाकी दोघीही पदर खोचून उतरल्या. त्यांना नको म्हणायची माझी हिंमतच झाली नाही.

दुपारपर्यंत दोन्ही खाचरं लागली. लावणीला आलेल्यांना शेतवालीने जेवू घालायचं, ही आमची रीत. मी एका हाताने चूल पेटवायला धडपडत होते, तर म्हातारीने मला ओढतच बांधावर आणलं. भाकऱ्या त्यांनी सोबत आणल्या होत्या. "आजी, तुमची सावड मी कशी फेडू?" मी विचारलं. ती म्हणाली, "फेडायची असती तर मुरबाडवरून कशाला आले असते? शेजारणीकडंच गेले नसते?" सगळ्याजणी खो खो हसल्या.

डाव्या हाताने मला भाकरी मोडता येईना. म्हातारीने तुकडा मोडला, त्याला सुकटीची चटणी लावली आणि माझ्या तोंडाशी धरला. जन्मात कुणापुढे हात पसरला नाही म्हणून मिरवणारी मी. आणि आज पसरायला हातही नव्हता. इतकी वर्षं मी कृपेवरची वचनं घडाघडा म्हणत आले, पण ती कृपा घ्यायची कशी हे मला त्या बांधावर कळलं. प्रभू, तुझे किती आभार मानू!

मी तोंड उघडलं.